म्हशीचं इंजेक्शन

हे बायकोला माहीत नाही. एका ताटात जेवलेल्या चुलतभावाला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या गावचे नाही — उद्या वाटेत भेटलात तर मला तोंड चुकवावं लागणार नाही. बघा, सुरुवातच स्वतःच्या सोयीने केली.

मी जनावरांचा डॉक्टर. म्हणजे लोक डॉक्टर म्हणतात, शिक्षण पदविकेचं. राहतो सोलापुरात, मोटारसायकलला औषधांची पेटी बांधून होटगीच्या पलीकडच्या गावांत फिरतो. करोनात सगळं बंद होतं, पण आजारी म्हैस थांबते का? मला पास होता, नाक्यावर पोलीस सोडायचे. गावात खोकला आला तरी माणसं लपवायची — कळलं की गाडी येणार, सेंटरला नेणार, परत आणतील की नाही कुणी सांगावं? म्हणून लोक माझ्याकडे यायला लागले. मी नाही म्हणालो. किती वेळा? एकदाच.

म्हशीच्या कासेला सूज आली की देतो ते अँटिबायोटिक, तेच माणसांना टोचलं. अंदाजाने, थोडं कमी करून. करोना विषाणूचा, त्याला हे औषध लागू पडत नाही, हे मला ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. पण बहुतेक माणसं आपोआप बरी व्हायची आणि नाव माझं व्हायचं. जी बरी झाली नाहीत, त्यांच्याबद्दल त्या दिवसांत कोण विचारत होतं?

माझी काकी, म्हणजे चुलती — आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं — गावभर सांगत सुटायची, "आमच्या पोराच्या हाताला लई गुण हाय." तिचं स्वतःचंही तसंच — ताप आला, सुई. अंग दुखलं, सुई. जरा बरं वाटलं की पुढची नको. करोना ओसरला तरी हे चालूच राहिलं. आणि मला — लाज वाटते सांगायला — ते आवडत होतं. ढोरांचा डॉक्टर म्हणून लग्नात कुणी पुढे बसवायचं नाही, आता माणसं पाया पडत होती. गावाने शाल-नारळ दिला, तोही मी घेतला.

मग काकीच्या पायात काटा मोडला. तिला शुगर. जखम चिघळली, तरी मी आपला टोचतोच आहे, मनाला येईल तेव्हा. पाय काळा पडायला लागला तेव्हा सोलापूरला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, आधी कुठली इंजेक्शनं झालीत?

इंजेक्शनं दिली ते एक — तेव्हा सगळेच घाबरलेले होते, असं म्हणता तरी येतं. पण इथे? इथे कशाला घाबरलो मी? चुलतभाऊ, तिचाच मुलगा, शेजारी उभा होता; माझ्या सुयांनीच पाय बिघडला, असं बाईंनी त्याच्यासमोर म्हणायला नको होतं. काकीने तोंड उघडलं, ती सांगणारच होती. मीच घाईने म्हणालो, "काही नाही मॅडम, घरचाच लेप लावत होतो."

काकी गप्प झाली. पोरगं खोटं बोलतंय म्हणजे काहीतरी कारण असेल, असं वाटलं असेल तिला. माझं वजन राखलं तिने, स्वतःच्या पायावर.

बाईंनी त्याच औषधाने सुरुवात केली, जे तिच्या जखमेतल्या जंतूंना मी आधीच पचवायला शिकवलं होतं. दिवस वाया गेले. पू तपासून आला तेव्हा त्या म्हणाल्या, नेहमीचं एकही औषध चालत नाही, असं कसं झालं? मला माहीत होतं. मी मान हलवली, नवल वाटल्यासारखी. मग गुडघ्याखालून पाय काढला.

काकी आता ओसरीवर बसून असते. त्या दिवशी खोटं का बोललास, हे तिने अजून विचारलेलं नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. परवा तिच्या नातीला सर्दी-ताप होता. म्हणाली, "पोरीला एक सुई दे की रं."

साध्या सर्दीला हे द्यायचं नसतं, याच सुयांनी तुझा पाय नेला — एवढंच सांगायचं होतं. भाऊही घरातच होता. मी म्हणालो, औषध संपलंय काकी.

तिने सुनेला हाक मारली. "ह्याच्याजवळ न्हाय म्हणं. मेडिकलातनं त्या सुईतल्याच औषधाच्या गोळ्या आण जा."

सून चप्पल घालून निघाली. मी तिला अडवलं नाही.