उमरग्याचे जावई

दुबलगुंडीत आमच्या बसवंतप्पांच्या घरी शेळ्या आहेत, पण त्या फक्त दुधासाठी. हे वाक्य अप्पा इतक्या गंभीरपणे सांगतात की नवा माणूस घाबरूनच मान डोलावतो. घर बसवण्णांना मानणारं, गळ्यात लिंग, अंड्याचं नाव काढलं तरी चूळ भरणारं. अप्पांच्या किराणा दुकानात अंडी मिळत नाहीत. ज्या केकच्या पाकिटांवर अंड्याचं चित्र असतं तीही मागच्या फळीवर, तोंड भिंतीकडं करून ठेवलेली असतात. गिऱ्हाईकानं मागितली तर मिळतात. समोरच माझं शिवणकामाचं दुकान असल्यानं ही करमणूक मला रोज फुकट घडते.

शेळ्या सांभाळते अप्पांची बायको गुरुबाई. सगळं गाव तिला अक्का म्हणतं. सहा-सात शेळ्या, मागच्या अंगणात पत्र्याखाली, तुरीच्या भुसकटावर आणि शेवरीच्या पाल्यावर पोसलेल्या. आता शेळ्या म्हटल्यावर त्या विणार, आणि विणार म्हटल्यावर निम्मी करडं नर निघणार. पाट, म्हणजे मादी, झाली तर आनंदच. ती मोठी होऊन दूध देते. बोकड काही केल्या दूध देत नाही. मग दुधासाठीच शेळ्या पाळणाऱ्या घरानं बोकडांचं करायचं काय? हा प्रश्न अप्पांनी फार पूर्वीच सोडवला होता. बोकड उमरग्याला घरजावई म्हणून जायचे.

म्हणजे असं, की बसवकल्याणचे खादरभाई टेम्पो घेऊन यायचे, मागच्या दारानं बोकड टेम्पोत चढायचे, आणि कुणी विचारलंच तर अप्पा म्हणायचे, "उमरग्याला एकाच्या लई शेळ्या हायत. तिकडं दिलो." उमरग्यात एवढ्या शेळ्या कुणाच्या, ज्यांना दरवर्षी नवे नवरे लागतात, हे कुणी विचारलं नाही. गावानं ती गोष्ट आनंदानं पदरात घेतली. पारावरची माणसं मुद्दाम हाक मारायची, "अप्पा, जावई बरे हायत का?" आणि अप्पा "मजेत हायत" म्हणून तराजूत साखर ओतत राहायचे.

या सगळ्यात अक्काचा नियम एकच. पाट झाली की तिला लगेच नाव ठेवायचं, बोकडाला कधीच ठेवायचं नाही. चंद्री, रत्नी, गंगी अशा तिच्या पोरीबाळी. करडू नर आहे असं दिसलं की ती ते आईच्या पुढ्यात सरकवायची, हात धुवायची आणि पुन्हा त्याच्या अंगाला हात लावायची नाही. मला ही बाई कठोर वाटायची. खरं सांगायचं तर मला तिचा रागच यायचा. शेळ्यांशी दिवसभर गप्पा मारील, पण मी नमस्कार केला तर नुसती मान हलवील.

गेल्या येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, मात्र घोटाळा झाला. येळवशीला आमच्याकडं घरात कुणी राहत नाही. सगळं गाव शेतात. कडब्याच्या खोपीत पूजा, मग भज्जी, मग आंबील, मग बांधावर आडवं होणं. नेमकी त्या दिवशी चंद्री अडली. अक्का घरीच थांबली. मीही पोट बिघडल्यानं मागं राहिलो होतो, म्हणून तिनं मला शेळीचं डोकं धरायला बोलावलं. तिनं हाताला गोडंतेल लावलं, आत वाकडा झालेला पाय सरळ केला आणि करडू ओढून काढलं. करडू जगलं. चंद्री दिवस मावळायच्या आत गेली. आणि करडू निघालं नर.

रत्नी आदल्याच दिवशी व्याली होती, तिला दोन बोकडं झाली होती. तिची वार अक्कानं ठेवलेली होती. ती या पोरक्याच्या अंगाला चोळली, की वासावरून रत्नीला ते आपलंच वाटावं आणि तिनं पाजावं. रत्नीनं हुंगलं, जरा विचार केला आणि त्याला शिंगानं उडवून लावलं. ती काही आमच्या गावातलं माणूस नव्हती, सांगितलेलं खरं मानून घ्यायला.

तेव्हा बाटलीनं पाजायचं ठरलं. अप्पा शेतातून परतल्यावर त्यांना बाटली आणायला पाठवलं. मेडिकलवाल्यानं सहज विचारलं, "कुणाला पाहिजे अप्पा?" बोकडाला, असं म्हणायला अप्पांची जीभ वळेना. "घरात बारकं हाय," म्हणाले.

"नातू व्हय?"

"व्हय," म्हणाले, आणि बाटली पिशवीत घालून आले.

अप्पांना मुलगा एकच, अरुणकुमार. तो पुण्याला कंपनीत आहे आणि त्याचं लग्न अजून ठरायचं होतं. त्यामुळं बातमी फार वेगानं पसरली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या सुशीलाबाई झबलं-टोपडं घेऊन, आवाज एकदम बारीक करून दारात हजर. "बाळाला बघू द्या की अक्का. सून कुठली हाय?" अक्कानं मांडीवरचं करडू दाखवलं. सुशीलाबाईंची एवढी निराशा झालेली मी कधी बघितली नाही. झबलं परत नेणं बरं दिसेना, म्हणून त्या ते ठेवून गेल्या. थंडी कडाक्याची होती. करडानं ते पंधरवडाभर घातलं.

अक्कानं नियम मोडला नाही. नाव ठेवलंच नाही. पण ते तिच्या मांडीवर निजायचं, तिच्या पदराची दशी चघळायचं, ती पाण्याला निघाली की मागं पळायचं. अक्का त्याला रागवायची आणि रागवताना हसायची. तिला हसायला येतं हे मला त्या हिवाळ्यात कळलं.

शिमगा झाला आणि अरुणकुमारला हुमनाबादचं स्थळ सांगून आलं. घर मोठं, कडक, अगदी शुद्ध. पाहुणे रविवारी घर बघायला येणार म्हणताच अप्पांनी ओट्याला रंग दिला, केकची पाकिटं घरात लपवली आणि खादरभाईंना फोन केला.

शुक्रवारी टेम्पो आला. यावेळी मागच्या दारात कुणाची बैलगाडी आडवी होती, म्हणून टेम्पो पुढं, दुकानासमोर उभा राहिला. साहजिकच गिऱ्हाईकं वाढली. पाव किलो साखर घ्यायला आलेली माणसं निघेनात. मीही मशीन थांबवून ओट्यावर आलो.

"तिन्ही काढ बाहेर," अप्पा अक्काला म्हणाले. "पाहुणे यायलेत. अंगणात बोकडं बघून कामून ठेवलाव म्हणून विचारतील."

अक्का तिन्ही घेऊन आली. आपल्या बोकडाचं दावं तिनं हाताला गुंडाळलं होतं.

"ह्याला कुठं नेयलेत?" तिनं विचारलं.

"उमरग्याला. माहीत न्हाई का तुला?"

"कशाला?"

अप्पांनी गिऱ्हाइकांकडं बघितलं. "जावई म्हणून."

"न्हाई," अक्का म्हणाली. "कशाला नेयलेत ते नीट सांगा. ह्या सगळ्यांसमोर सांगा. मग मीच चढवते गाडीत."

खादरभाई भला माणूस. त्यांना अप्पांची दया आली. "अक्का, मी सांगतो की. माझा धंदाच हाय त्यो."

"तुम्ही कधी लपवलाव भाऊ? ह्येंनी सांगायचं."

अप्पांनी तोंड उघडलं. "ते म्हंजे, तिकडं..." एवढं बोलून थांबले. पुन्हा उघडलं. सगळा जन्म हिशेबाला पक्का असलेला माणूस, एक शब्द त्यांना तोंडातून काढता येईना. दुकानातलं कुणी मदतीला आलं नाही. त्यांनाही तो शब्द ऐकायचा नव्हता. शेवटी अप्पा खाली बघत म्हणाले, "राहू दे मग. हे एक राहू दे."

म्हणजे बोकड सुटला तो दयेनं नव्हे, लाजेनं. मला तरी त्यात काही वाईट वाटलं नाही. पाहुणे रविवारी आले आणि त्यांनी बोकडाबद्दल चकार शब्द काढला नाही, हे नंतरचं. त्यांच्याही घरी दुधासाठी शेळ्या होत्या म्हणे.

पण टेम्पो तसाच उभा होता. खादरभाई रत्नीच्या दोन बोकडांकडं बघत होते, मागावं की नाही अशा विचारात. अक्कानंच त्या दोघांची दावी त्यांच्या हातात दिली.

"ह्ये दोघं कापायला न्या, भाऊ," ती म्हणाली.

साध्या आवाजात म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. सुशीलाबाईंनी पदर तोंडाला लावला. अप्पा आत गेले. गिऱ्हाइकांना एकदम घरची कामं आठवली. त्या दिवसापासून पारावर जावयाची चौकशी कुणी केलेली नाही.

टेम्पो निघाला तेव्हा ओट्यावर आम्ही दोघंच उरलो होतो. मला राहवलं नाही. "अक्का, एकाला ठिवलाव, मग ह्या दोघांस्नी कामून सोडलाव?"

"त्यांस्नी मी पाजलं न्हाई," ती म्हणाली. मग टेम्पो वळणावर दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली, आणि ओट्यावर बसून मोठ्यानं रडली. आजवर त्या घरातून इतके जावई गेले; एकासाठीही तिला रडताना मी बघितलं नव्हतं.