हरणाबाईची करडी

आमच्या वाडीत कुणाची कोंबडी गेली की लोक पोलीस पाटलाकडे जात नाहीत, हरणाबाईला बोलावतात. ती वाकून पिसं बघते आणि चोर सांगते. नरडं फोडून धड तिथंच टाकलेलं असलं तर मुंगूस. पिसं थेट झुडपापर्यंत सांडत गेलेली असली तर रानमांजर. पिल्लू गायब आणि जमिनीवर काहीच खूण नाही, तर घार. पाटणच्या या डोंगरकुशीत पन्नास वर्षं तिने हेच पाहिलंय. तिचा शब्द कधी खोटा ठरला नाही. आमच्या वाडीत असं मी दुसऱ्या कुणाबद्दल म्हणणार नाही, माझ्यासकट.

तिच्या कोंबड्या दिवसभर मोकळ्या फिरतात. घारी बुजाव्यात म्हणून अंगणावर जुन्या कॅसेटींच्या फिती ताणलेल्या आहेत, कुंपणाला करवंदीचे काटे आहेत. पण खरी राखण होती करडीची. करडी म्हणजे तिची राखाडी कोंबडी. घार खाली आली की बाकीच्या सैरावैरा पळायच्या. करडी मात्र पिल्लांना पंखाखाली घेऊन तिथंच फुगून बसायची आणि घार टप्प्यात आली की तिच्या अंगावर झेप घ्यायची. म्हणून वाडीतल्या बायका उबवायची अंडी तिच्याकडेच आणून द्यायच्या.

गेल्या पौषात शेजारच्या सुगराबीने आणली. पावसाळ्यात कोंबड्यांवर मर येऊन तिचं खुराडं रिकामं झालं होतं. कराडच्या लेकीकडून तिने बारा अंडी फडक्यात गुंडाळून, एसटीत मांडीवर सांभाळत आणली आणि डालग्यात खुडूक बसलेल्या करडीखाली ठेवली. एकोणीस दिवस झाले तेव्हा हरणाबाईचा भाऊ आला.

हा नाथाजी. माहेर विट्याकडचं. सेलमला त्याचं गलाईचं दुकान आहे, सोनं गाळतो. आई गेली तेव्हा तो तीन वर्षांचा होता. हरणाबाई लग्न होऊन इकडे आली ती त्याला काखेत घेऊनच, आणि तिनेच त्याला वाढवला. आल्या आल्या साहेबांना गावरान रस्स्याची आठवण झाली.

"परवा कोंबडा कापू," ती म्हणाली. "त्या कोपऱ्यातल्या डालग्याला तेवढा हात लावू नगं. आज-उद्या पिल्लं निघत्याल. सुगराबीची हाईत." एवढं सांगून ती बाजाराला गेली.

दुपारी दमून परतली तर घरात रस्स्याचा वास. नाथाजीने हौसेने ताट वाढलं. फाट्यावरनं कोंबडी आणली म्हणाला. भावाच्या हातचं ती जन्मात पहिल्यांदा जेवत होती. कौतुकाने दोनदा रस्सा मागून घेतला. मग हात धुऊन करडीला दाणे घालायला गेली.

डालगं आडवं पडलं होतं. अंडी बाराच्या बारा तशीच होती, दगडासारखी गार.

मी पलीकडे माझ्या अंगणात, कुंपणापाशीच होतो. तिने नेहमीसारखं आधी अंगण पाहिलं. रक्त नव्हतं, ओढल्याची खूण नव्हती. शेवटी उकिरड्यात राखेखाली पिसं सापडली. ओली, झुबक्याझुबक्याने निघालेली. गरम पाण्यात बुडवल्याशिवाय पिसं अशी निघत नाहीत. नाथाजी तोंड पुसत बाहेर आला.

"धा कोंबड्या फिरत हुत्या," ती म्हणाली. "हीच का रं?"

"बाकीच्या हाताला लागंनात, आक्का. ही जागची हाललीच न्हाई."

हे त्याने सहज सांगितलं. मला वाटलं, कुंपण ओलांडून जावं आणि त्याच्या थोबाडीत ठेवून द्यावी. हरणाबाईने ती पिसं मुठीत गोळा केली.

तेवढ्यात सुगराबी पिल्लं निघाली का ते बघायला आली. आडवं डालगं पाहिलं, एक अंडं उचलून कानाशी धरलं, दुसरं धरलं आणि परत ठेवलं.

"कुणी नेली, हरणाक्का?"

"मुंगूस आलं आसंल," नाथाजीच घाईने म्हणाला आणि बहिणीकडे बघू लागला. तिने नुसती मान हलवली असती तरी वाडीत कुणी शंका घेतली नसती, आणि त्याला ते पक्कं ठाऊक होतं. तिची कोंबडी खाऊन वर तिचा शब्दही त्याला हवा होता.

हरणाबाईने हातातली पिसं सुगराबीपुढे ठेवली.

"नाथाजीनं कापली," ती म्हणाली. "आन मीबी खाल्ली."