गोधडीतली मटकी

"झोपेतल्याला उठवण्यासारखं पाप न्हाई," असं आप्पा ओठांवर बोट ठेवून सांगत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते संतवचनच वाटलं. मी चपला काढल्या आणि पाय न वाजवता आत गेलो. खोलीत कुणाच्या तरी अंगावर चार गोधड्या नीट खोचलेल्या होत्या. घरात आजारपण असावं म्हणून मी हळूच विचारलं, "कोण आहे?"

"मटकी," आप्पा म्हणाले.

त्यांचं घर न्हावऱ्यात. इकडे शिरूर, तिकडे दौंड, आणि मधल्या रस्त्यावरच्या बहुतेक मिसळवाल्यांना मोड आलेली मटकी या घरातून जायची. भिजवायची, फडक्यात बांधायची, उबेला ठेवायची, पहाटे सोडायची. यात गुपित काहीच नाही. पण हिवाळ्यात ऊब लागते, आणि घरात ती मोजकीच होती. थंडी पडली की पांघरुणं आधी मटकीला मिळत, उरली तर माणसांना. काकू म्हणायच्या, "रुखवतात सात गोधड्या आणल्या म्या. एक तरी अंगावर घिऊन निजले आसंल तर शपथ!"

त्यांच्या मुलाने टेम्पोवर 'परंपरा तीन पिढ्यांची' असं रंगवून घेतलं होतं. मी आप्पांना त्या परंपरेविषयी विचारलं.

"कसली परंपरा, सायेब? थोरल्या भैनीच्या साखरपुड्याला मटकी लई भिजवली आन् पाव्हणं आलं निम्मं. उरलेली आईनं फाट्यावरच्या हाटेलात दिली. त्यो म्हनला, उद्या बी आना. आईला घोर पडला, आता रोज कुणाचा साखरपुडा करायचा?"

तुम्ही-आम्ही कंपन्यांचे इतिहास वाचतो. त्यात संस्थापकाला दूरदृष्टी असते. अंदाज चुकला होता असं सांगणारा मला हा एकच भेटला.

मी तेव्हा रांजणगावच्या एका कारखान्यात कॅन्टीनचं बघत होतो. कॅन्टीनला मटकी पुरवायचं काँट्रॅक्ट मिळावं म्हणून आप्पांच्या मुलाने माझ्याकडे दोन वर्षं खेटे घातले होते. अखेर कारखान्याचे साहेब तयार झाले, पण एका अटीवर: पुण्याहून तपासनीस येऊन जागा बघणार, आणि तो नापास म्हणाला तर विषय संपला. मी मुलाला जाणत्या माणसासारखा सल्ला दिला, "घरात कापडाचं जे जे असेल, ते धुऊन ठेवा."

हे मी बोललो, याची नोंद इथेच करतो. दुसरीकडे ती कुठेही नाही.

त्यांनी सगळं धुतलं. सातही गोधड्या, वर चादरी आणि सतरंज्या. उबेला घालायची पोती दिसायला वाईट म्हणून गोठ्यात नेऊन टाकली. ऐन जानेवारीत गोधडी एका दिवसात वाळत नाही, हे न्हावऱ्यात कुणालाही ठाऊक आहे. पण त्या दिवशी सगळ्यांच्या डोक्यात थंडी नव्हती, तपासनीस होता. मटकी पातळ फडक्यात, लख्ख पुसलेल्या फरशीवर राहिली.

पहाटे आप्पांनी गाठोडी सोडली. दाणे टपोरे फुगले होते. मोड एकालाही नव्हता.

पुढचं मला मुलाने सांगितलं. आप्पा रिकामा टेम्पो काढायला निघाले, तसा तो आडवा आला.

"आप्पा, आज तपासणी हाय! हाटेलवाल्यांना मी फोन करतो."

"तीस वर्सं हाय म्हणून तोंड दावलं. न्हाई म्हनायला फोन?"

"आवं, काँट्रॅक्ट जाईल!"

"काँट्रॅक्ट उद्याचं हाय. मिसळ आजची हाय."

आणि ते गेले. आधी शिरूर, मग उलटं फिरून थेट दौंड. प्रत्येक हॉटेलापुढे टेम्पो थांबवायचा, उतरायचं, टोपी काढायची आणि सांगायचं, "आज उठली न्हाई." दौंडच्या एका मालकाने हातातला झारा टाकून विचारलं, "काय झालं काकूंना?"

अकरा वाजता मी तपासनीसांना घेऊन पोचलो. फरशी चकचकीत, मोरी कोरडी, काकूंच्या डोक्याला प्लास्टिकची टोपी. तपासनीसांच्या कागदावर बरोबरच्या खुणा भराभर पडत गेल्या. शेवटच्या पानाशी ते गाठोड्यांपुढे थांबले.

"ही कधी बांधली?"

मुलाने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं.

"आत्ताच, सर," मुलगा म्हणाला.

"काल सांच्याला बांधलीय," दारातून आवाज आला. आप्पा नुकतेच परतले होते, टोपी अजून हातातच होती. "थंडीनं मोड आला न्हाई. समद्यास्नी न्हाई म्हणून आलो."

मुलाने डोळे मिटले. काकूंनी डोक्यावरची प्लास्टिकची टोपी काढून ठेवली. आता तिचा काय उपयोग, अशा आविर्भावात. तपासनीसांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला, उलटला, पुन्हा वाचला. मोड येतो का, असा प्रश्न त्यात कुठेच नव्हता. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"जागा फार छान ठेवलीय हो," ते म्हणाले, आणि शेरा दिला: उत्कृष्ट.

आप्पांना जाऊन आता दोन वर्षं झाली. शिरूरला मिसळ खायला बसलो की मालक गल्ल्यावरून अजून सांगतो, "माणूस सोता आल्ता, न्हाई सांगायला." एवढं बोलून तो रस्त्याकडे बघत राहतो आणि मला जादा रस्सा वाढायचं विसरतो.

रांजणगावात मुलाचं मोठं शेड झालं आहे. ऑफिसात आप्पांचा फोटो आहे आणि शेजारी त्या तपासणीचं प्रमाणपत्र, दोन्हींवर मिळून एकच हार. नवं गिऱ्हाईक आलं की मुलगा आधी प्रमाणपत्र दाखवतो. त्यावर तपासणीची तारीख ठळक छापलेली आहे. आप्पांच्या सगळ्या धंद्यात मटकी न विकलेला तेवढाच एक दिवस.