मेढ्याची दुसरी रिंग

प्रबुद्धच्या काही सवयी. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्क्रू-ड्रायव्हर. चहा बशीत ओतायचा आणि तिथंच विसरायचा. बोलणाऱ्याला मधे तोडायचा नाही. कामं कागदावर लिहायचा, झालं की पुढं खूण करायचा. खूण नाही, तर काम झालं नाही.

सव्वीस वर्षांचा होता. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या शंभूराजला मित्राबद्दल ‘होता’ म्हणणं जमत नव्हतं.

प्रबुद्ध सांगलीच्या पूर नियंत्रण कक्षात कॉम्प्युटर सांभाळायचा. वरच्या अंगाला सहा ठिकाणी पाण्याची पातळी मोजणारी यंत्रं होती. कॉम्प्युटर दर तासाला मोडेमवरून एकेकाला फोन लावायचा. यंत्र पाचव्या रिंगला फोन घ्यायचं, आकडा द्यायचं. १९९९च्या मे महिन्यात मेढ्याचं यंत्र गप्प झालं. पाऊस तोंडावर आलेला. साहेब रोज विचारायचे.

प्रबुद्धनं वायर बदलली, नंबर तपासला, मोडेम बदलून बघितला. सगळं ठणठणीत. शेवटी त्यानं सांगलीच्या मोडेमचा आवाज वाढवला. शंभूराज शेजारीच बसला होता. दुसऱ्याच रिंगला मोडेमच्या डबीतून बाई बोलली.

“कोन? नाथा, तू हाईस व्हय?”

मोडेमनं तिच्या कानात शिट्टी घातली.

ती रंगुबाई, यंत्र होतं त्या मेढ्याच्या चौकीच्या राखणदाराची बायको. त्याच लाइनवरचा फोन तिच्या खोलीत होता. लेक नाथा फौजेत, सीमेवर. लढाई पेटल्यापासून ती फोन वाजू देत नव्हती; यंत्राची पाचवी रिंग यायचीच नाही.

“साहेबास्नी सांग की,” शंभूराज म्हणाला.

“फोनच काढून नेतील तिचा.”

“मग यंत्रालाच पहिल्या रिंगला उचलू दे.”

“आन् पोरानं फोन केला की त्याला शिट्टी? कॉलेजात काय गवत उपटलंस, गड्या? आपण फोन करायचाच न्हाई. यंत्रानं आपल्याला करायचा.”

साहेबांना त्यानं एवढंच सांगितलं, लाइन खराब आहे, आठ दिवस द्या.

शनिवारी तो मोटरसायकलवरून मेढ्याला गेला. परतताना भर दुपारी महामार्गावर ट्रकनं उडवलं.

मंगळवारी शंभूराज कक्षात आला. प्रबुद्धची आई, आक्काताई, म्हणाली होती, “त्याचा डबा तिथंच असंल. तेवढा आण.”

साहेब हळू आवाजात म्हणाले, “गुणी पोरगा. मेढ्याची लाइन दुरुस्त करून गेला. शनिवारपासून आकडा येतोय.”

डब्याखाली कागद होता.

मेढ्याच्या यंत्रात सांगलीचा नंबर भरणे. खूण. यंत्राने दर तासाला, साडेच्या ठोक्याला, फोन करणे. खूण. रंगुबाईंना सांगणे. खूण.

अकरा वाजले. मोडेमचे दिवे लुकलुकले. शंभूराजला त्यातलं आवाजाचं बटण तेवढं ठाऊक होतं. त्यानं ते फिरवलं.

दुसरी रिंग.

“नाथा? आता शिट्टी वाजनार न्हाई म्हनला त्यो सांगलीचा पोरगा. बोल की रं.”

शिट्टी वाजली.

कागदावर शेवटची ओळ होती. सांगलीतून मेढ्याला फोन लावणे बंद करणे.

तिच्यापुढं खूण नव्हती.