व्यायाम : नाही

शहात्तर वर्षांच्या बोडिलबाई खोटं कधी बोलत नसत. त्यामुळे डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरातल्या दवाखान्यातला तरुण डॉक्टर ट्रोल्स त्यांचा तक्ता नाचवत "तुम्ही व्यायाम केलाच असणार!" म्हणाला, तेव्हा त्यांचं डोकंच फिरलं.

चार महिन्यांपासून म्हाताऱ्यांच्या दोन गटांवर अभ्यास चालला होता. एकानं फक्त जेवण कमी करायचं, दुसऱ्यानं त्याबरोबर व्यायामही करायचा. पहिल्या दिवशी आणि मग अधूनमधून मांडीतला कणभर स्नायू काढून त्यातल्या पेशी किती शक्ती तयार करतात ते बघायचं. बोडिलबाई पहिल्या गटात. काळ्या पावावरचं लोणी त्यांनी निमूट सोडलं आणि दर आठवड्याला तक्त्यात ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'व्यायाम : नाही.'

"तुमच्या गटात सगळ्यांचं वजन उतरलं, पण पेशी होत्या तशाच सुस्त," ट्रोल्स म्हणाला. "तुमच्या मात्र पहिल्या दिवसापासून चाळिशीतल्या बाईसारख्या. हे कसं?"

"मला काय विचारतोस? डॉक्टर तू आहेस."

"बरं, आज इथं कशा आलात?"

"कशा म्हणजे? सायकलवर, नेहमीसारखी. चौदा किलोमीटर, वारं तोंडावर."

ट्रोल्सनं कपाळाला हात लावला. "अहो, हाच तर व्यायाम!"

"हा कसला डोंबलाचा व्यायाम? हे नुसतं येणं झालं," बाई कडाडल्या. "माझी आईही अशीच बाजाराला जायची. तिला कुणी पदक दिलं नाही."

"निदान उरलेले दोन महिने बसनं याल का?" त्यानं काकुळतीनं विचारलं.

बोडिलबाईंनी हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळला.

"बसनं म्हातारी माणसं येतात, बाबा."