उरलेलं घर

गवंड्याला सगळे ओळंबा म्हणत. दोरीला बांधलेलं ते लोखंडी वजन, भिंत सरळ आहे की कललेली हे सांगणारं, सदैव त्याच्या खिशात असे म्हणून हे नाव पडलं. दुसऱ्याचं वाकडं त्याला आधी दिसे, म्हणूनही पडलं असेल. कुणाच्या घरी गेला की तो माणसांआधी कोपऱ्यांकडे बघे. यजमान पाणी पुढे करी आणि हा म्हणे, "भिंत वरच्या अंगाला फुगलीय."

वडिलांनी हयात असतानाच घर दोघा भावांना वाटून दिलं होतं. रस्त्याकडचा पुढचा भाग धाकट्याला, मागचा ओळंब्याला. धाकट्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान. दुकानाला रस्ता लागतो, गवंड्याला काय, जिथे बोलावतील तिथे त्याचं काम, असं वडील म्हणाले. म्हणणं बिनतोड होतं. ओळंब्याने मान डोलावली आणि त्या दिवसापासून तो बाजूच्या गल्लीतून, गटाराच्या कडेने घरात शिरू लागला. पुढून धाकट्याच्या दुकानातली माणसांची ये-जा ऐकू येई, चाकांत हवा भरल्याचा आवाज येई, कुणी तरी मोठ्याने हसे. ओळंबा जेवताना मध्येच थांबून ऐके. बायको विचारी, काय झालं. काही नाही, म्हणे.

धाकटा वाईट नव्हता, हेच दुखणं होतं. वाईट असता तर दोन शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. पण तो दादा दादा करी, वहिनीला बाजारातून सामान आणून देई, आणि त्याच्या दुकानापुढे लोक बिनकामाचेही थांबत. ओळंब्यापुढे कुणी बिनकामाचं थांबत नसे.

रस्ता रुंद होणार अशी बातमी आली, खुणा करणारी माणसं आली, धाकट्याच्या दुकानाच्या भिंतीवर लाल रंगाची फुली मारून गेली. ओळंब्याने त्या दिवशी दोनदा चहा मागितला. मागे राहिलेल्याचंही कधी तरी बरं होतं, असं तो बायकोला म्हणाला. ती भांडी घासत होती. तिने वळून पाहिलं नाही.

मग मोजणी पुरी झाली. धाकट्याचा भाग सगळाच्या सगळा जात होता. ओळंब्याची पुढची खोली निम्मी जात होती. आणि कायदा असा की ज्याचं सगळं गेलं त्याला रस्त्याकडेच्या दराने मोबदला, वर नव्या वसाहतीत घरासाठी जागा. ज्याचं थोडं गेलं त्याला फक्त गेलेल्या तुकड्याचे पैसे. त्यातूनही कार्यालयाने काही कापले होते. का, तर पुढचं घर पडल्यावर ओळंब्याचं घर थेट मोठ्या रस्त्याला लागणार, म्हणजे उरलेल्या भागाची किंमत वाढणार, म्हणजे त्याचा फायदाच झाला.

हे त्याला खिडकीपलीकडच्या कारकुनाने दोनदा समजावून सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना कारकून जरा हसला. रस्ता दाराशी यावा म्हणून ज्याचा जीव आयुष्यभर तळमळला, त्याच्या दाराशी तो आला होता, आणि वर त्याचेच पैसे वळते करून घेत होता.

घरं पाडणारं यंत्र आलं त्या दिवशी धाकट्याची बायको गल्लीत उभी राहून रडली. तिच्या स्वयंपाकघराची फळी, त्यावर चिकटवलेला कागद, सगळं उजेडात उघडं पडलं आणि मग धुळीत गेलं. ओळंबा कडेला उभा होता. हिला रडायला काय झालं, एवढंच त्याच्या मनात आलं. ज्याचं घर मुळापासून उखडलं त्याचा हेवा करणारा माणूस सहसा सापडत नाही. इथे एक उभा होता. यंत्राचा दात त्याच्या पुढच्या खोलीपाशी येऊन अर्ध्यात थांबला, मागे वळला, तेव्हा त्याला आणखी पुढे ये म्हणावंसं वाटलं.

त्याने वकील केला. वकीलबाई बोलायला रोखठोक होत्या. त्यांनी सांगितलं, दोन-चार पैसे वाढवून मागण्यात राम नाही. उरलेलं घर राहण्यालायक राहिलेलं नाही, तेव्हा तेही घ्या आणि पूर्ण मोबदला व जागा द्या, असा दावा लावू. अधिकारी स्वतः येऊन बघेल. तो बघेपर्यंत घर आहे तसं राहू दे.

"एक वीट लावायची नाही. तुमच्यासारख्या गवंड्यांची मला भीती वाटते, म्हणून सांगते," त्या म्हणाल्या.

ओळंब्याने तुटक्या खोलीच्या तोंडावर ताडपत्री बांधली. दिवस गेले, तारखा पडल्या. ट्रक गेला की ताडपत्री आत फुगे, मग बाहेर फुगे. पिठात धूळ, पाण्यात धूळ, पांघरुणात धूळ. बायको ताटावर ताट झाकून जेवण वाढी. चहाच्या टपरीवर कुणी म्हणालं, वैद्याचं पोर आजारी आणि गवंड्याच्या घराला फडकं. ओळंबा टपरी बदलून लांबच्या टपरीवर जाऊ लागला. पण त्याची जिद्द पक्की होती. धाकट्याइतकंच त्याला मिळायला हवं होतं. जास्त नको. तेवढंच, त्याच वसाहतीत, जमलं तर त्याच्या रांगेत, आणि जमलं तर त्याच्या पुढे.

मध्यंतरी धाकटा आला. नव्या जागेवर घर बांधायचं होतं. "दादा, तूच बांध. मी मजूर म्हणून उभा राहतो," म्हणाला. ओळंब्याने दाव्याचं कारण सांगितलं, वेळ नाही म्हणाला. वेळ होता. त्या महिन्यात तो बहुतेक दिवस ओट्यावर बसून होता. धाकटा दोनदा परत आला, मग येईनासा झाला, आणि त्याने कुठला तरी परका गवंडी धरला. हे कळल्यावर ओळंब्याला आतून गुदगुल्या झाल्या. भिंती कशा होतील ते त्याला आत्ताच दिसत होतं.

घर उभं राहिल्यावर बघायला बोलावणं आलं. ओळंबा धुतलेला सदरा घालून गेला. बायका स्वयंपाकघरात, पुरुष बाहेर अंगणात, अशी सगळी गुंतल्यावर तो आतल्या खोलीत गेला, दार लोटलं, खिशातली दोरी काढली आणि कोपऱ्यात वजन सोडलं. दोरी स्थिर झाली. भिंत दोरीला समांतर उतरली होती, वरपासून खालपर्यंत, कुठे फट नाही, पोट नाही. त्याने दुसरा कोपरा धरला. तोही तसाच. तिसऱ्या कोपऱ्यात तो दोरी सोडून वाकला असताना बायकोने दार उघडलं. तिने दार परत लोटून घेतलं, कुणी येऊ नये म्हणून.

बाहेर पाहुणे भिंतींची तारीफ करत होते. कुणी तरी म्हणालं, हा तर ओळंब्याचाच हात वाटतो. धाकट्याच्या बायकोने भोळेपणाने सांगितलं, नाही हो, दुसरा आहे, पण अगदी दादांसारखं काम करतो. तिला हे कौतुक वाटलं होतं. ओळंब्याने हातातला पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला. निघताना धाकटा म्हणाला, तुझीही ताडपत्री लवकर निघू दे, दादा. प्रेमाने म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत विटांचा ढीग पडला.

"अहो, वकीलबाई काय म्हणाल्या होत्या?" बायकोने विचारलं.

"धुळीसाठी बांधतोय. तात्पुरती."

तात्पुरती भिंत बांधायला त्याने विटा अख्खा दिवस पाण्यात भिजवल्या. वाळू दोनदा चाळली. पाया खणला, नको तितका खोल. थर चढत गेले तशी त्याची पाठ सरळ होत गेली. एकावर एक सांधा येऊ दिला नाही. बायको म्हणाली, निदान खिडकी ठेवा, उजेड येईल. खिडकीने थर तुटतो, असं त्याने सांगितलं. भिंत पूर्ण झाल्यावर तो रस्त्याच्या बाजूला उभा राहिला आणि विटांमधल्या दरजा, म्हणजे सांध्यांच्या फटी, एकेक करून भरल्या, अशा की बोट फिरवलं तर अडू नये. आतून त्याने भिंतीकडे पाहिलंही नाही. आत गिलावा ओबडधोबडच राहिला. ती भिंत आतल्यांसाठी नव्हतीच. रस्त्याने जाणारी माणसं थांबत होती. बिनकामाची थांबत होती.

अधिकारी आला तेव्हा बरोबर वकीलबाई होत्या. भिंत बघून त्या बोलता बोलता थांबल्या. मग ओळंब्याला गल्लीत ओढून नेलं आणि खालच्या आवाजात बजावलं की विचारलं तर सांगायचं, पाया नाही, नुसत्या विटा रचल्यात, आतली खोली अंधारी, घर राहण्याजोगं नाही. बाकी मी बघते. ओळंब्याने मान हलवली. त्यांनी धाकट्यालाही साक्षीला बोलावलं होतं. तो नव्या वसाहतीत काढलेलं दुकान बंद ठेवून आला होता, त्याच्याही कानावर त्यांनी हेच घातलं.

अधिकारी म्हातारा, सावकाश माणूस. त्याने भिंतीवर थाप मारली, आत जाऊन घर पाहिलं, बाहेर आला. "इथे दार पाडलंत तर मोठ्या रस्त्यावर दुकान निघेल," तो म्हणाला. मग त्याने धाकट्याकडे वळून विचारलं, "तुम्ही भाऊ ना? ही भिंत पक्की आहे का?"

धाकट्याने ओळंब्याकडे एकदा पाहिलं. मग तो घरून घोकून आल्यासारखा बोलू लागला.

"कसली पक्की, साहेब. दादाचा हात आता पूर्वीचा राहिला नाही. नुसती रचलीय. ट्रक गेला की हलते. आमच्या गवंड्याने बघितली, तोही म्हणाला, पडेल."

शेवटचं वाक्य त्याने पदरचं घातलं होतं. साक्ष वजनदार व्हावी म्हणून. वकीलबाईंनी समाधानाने मान डोलावली. अधिकारी लिहून घेऊ लागला.

"कोण म्हणाला?" ओळंब्याने विचारलं.

"दादा, राहू दे."

"तुझा गवंडी इथे येऊन गेला? माझ्या भिंतीला हात लावून गेला?"

वकीलबाई मध्ये पडल्या, साहेबांना लिहू द्या म्हणाल्या. ओळंब्याने त्यांना हाताने बाजूला केलं. खिशातून दोरी काढली आणि अधिकाऱ्यासमोर भिंतीवरून वजन सोडलं. दोरी झुलली, थांबली.

"बघा. खाली पाया आहे, कमरेएवढा. खणून दाखवतो. रणगाडा गेला तरी ही हलायची नाही. लिहा."

"म्हणजे घर राहण्यालायक आहे?" अधिकाऱ्याने विचारलं.

वकीलबाईंनी डोळे मिटले. बायको गल्लीच्या तोंडाशी उभी होती. तिने पदराचं टोक हातात धरलं होतं, ते तसंच राहिलं.

"आहे," ओळंबा म्हणाला.

अधिकाऱ्याने आधी लिहिलेलं खोडलं. कापलेल्या पैशांपैकी काही परत मिळतील असं बघतो, असं तो दयेने म्हणाला आणि गाडीत बसला. वकीलबाई फाईल बंद करून गेल्या.

दोघे भाऊ रस्त्याच्या कडेला उरले. धाकट्याच्या चेहऱ्यावर ओळंब्याने कधी न पाहिलेला राग होता.

"मी तुझ्यासाठी खोटं बोललो, दादा. आमचा गवंडी कशाला येतोय इथे? त्याला तुझं घरही माहीत नाही."

"मग खरं सांग. कुणाची बरी? त्याची की माझी?"

धाकट्याने भिंतीवरून बोट फिरवलं. "तुझी," तो म्हणाला. "म्हणून तर तीनदा आलो होतो तुझ्या दारात." आणि सायकलवर टांग टाकून नव्या वसाहतीच्या दिशेने निघून गेला.

ओळंबा गल्लीतून घरात आला. भर दुपारी आत अंधार होता. बायकोने दिवा लावून ठेवला होता आणि ती एकटीच जेवायला बसली होती. त्याला वाढायला ती उठली नाही. बाहेरून ट्रक गेला. फळीवरचे पेले एकमेकांवर आपटून किणकिणले. ओळंब्याने भिंतीला कान लावला. आपल्या हातच्या कामात कुठे तरी बारीकसा तडा जावा, अशी इच्छा त्याला जन्मात पहिल्यांदा झाली. तो तसाच उभा राहिला. दुसरा ट्रक गेला, तिसरा गेला. भिंतीतून कसलाही आवाज आला नाही.