खिडकीतलं करडईचं तेल

रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा वजन वाढलेलं होतं, कोलेस्टेरॉल चढलेलं होतं आणि ट्रायग्लिसराइड्सचं तर बोलायलाच नको. ई जीवनसत्त्वाचा आकडा तेवढा चांगला होता. तपासण्यांचं अख्खं पॅकेज मुलीनं पुण्याहून लावून दिलेलं, म्हणून तिला फोनवर आधी तेच सांगितलं. बापानं काहीतरी चांगलं सांगायला हवं की नाही?

छावणी भागातल्या डॉक्टरीणबाईंनी मला तेवढंही सुख लाभू दिलं नाही.

"काका, हे जीवनसत्त्व रक्तात चरबीबरोबरच फिरतं. चरबी वाढली की त्याचाही आकडा फुगतो. त्याचं काम चरबी राखायचं, ती खराब होऊ द्यायची नाही. तुमचं शेत वाढलंय, त्या मानानं राखणदार कमीच आहेत."

"मग गोळी?"

"गोळी नको. बाहेरचं खाणं सोडा, वजन उतरवा. घरी तेल कोणतं?"

"करडईचं," मी म्हणालो.

बायको अजिंठ्याकडची. तिच्या माहेरी रीत होती, करडई घाण्यावर गेली की पहिलं तेल लेकीच्या घरी. तिचा भाऊ कॅन घेऊन यायचा आणि दारातूनच "अक्का" अशी हाक मारायचा. त्या दिवशी ही भाकरीवर लसणाची चटणी ठेवायची, बोटानं खळगा करायची आणि त्यात कच्चं तेल ओतायची. मी "पुरे" म्हणालो की हमखास आणखी ओतायची. "खा की. तेल का ठिवायची चीज हाय?" चाळीशीनंतर मी कुरकुरायचो, पण वजन माझं कधी वाढलं नाही.

ती गेल्यावर शेवटच्या कॅनमधलं तेल मी काचेच्या बरणीत काढलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं. सकाळी उन्हात ते सोन्यासारखं दिसायचं. चहा घेताना मी त्याच्याकडं बघत बसायचो. खायचं धाडस झालं नाही, संपलं असतं. भूक लागली की हॉटेल गाठायचो, कधी मटणाचा नान-खलिया, कधी भजी, आणि घरी आलं की पुन्हा काहीतरी चघळत बसायचो. ती भूक पोटाची नव्हतीच.

दवाखान्यातून आलो आणि बरणीचं झाकण उघडलं. तेल खवट झालं होतं. उन्हात ठेवलेलं तेल खवट होतं हे शेतकऱ्याच्या पोराला कुणी सांगावं लागत नाही. मलाही माहीत होतं. ओट्यापाशी उभा राहून मी रडलो.

मग मेहुण्याला फोन लावला. बहीण गेल्यापासून त्यानं आमच्या घरी पाऊल टाकलं नव्हतं, त्याचा मला मनातून राग होता. बहीण संपली की नातं संपलं, असं मी धरून चाललो होतो.

"करडई पेरता का अजून?" मी विचारलं.

"व्हय तर. तेल बी दरसाल बाजूला काढून ठिवतो, दाजी. पन यावं कसं? तुमच्या दारात हाक कुनाला मारू?"

"मला मारा," मी म्हणालो.

रविवारी तो आला. दारात उभा राहिला, "अक्का" एवढं तोंडातून गेलंच, मग खाली मान घालून कॅन आत ठेवला. मी भाकरी थापली, तिला जागोजागी चिरा गेल्या. आम्ही दोघं खाली बसलो. चटणीत खळगा केला, डॉक्टरीणबाईंनी नेमून दिलेला एक चमचा तेल ओतायला घेतलं आणि सवयीनं तोंडून निघालं, "पुरे."

चमचा माझ्याच हातात होता. तेल लगेच थांबलं.